मैलाटाकीचा उपसा

ज्या घरास भुयारी गटाराचा जोड नाहीं, त्याचा मैला अंगणांतील सेप्टिक टँकमध्यें जातो. तेथें गाळ तळाशीं बसतो, तेलकट थर वर तरंगतो व मधलें पाणी शोषखड्ड्याकडे वाहतें. गाळ फार सांचला म्हणजे तोही पाण्याबरोबर बाहेर पडतो, शोषखड्डा तुंबतो, आणि घाण नाल्यांत शिरते. आपल्या करवीर नगरींत जयंती नाल्यांत गेलेली घाण पंचगंगेसच मिळते. याकरितां दर दोन-तीन वर्षांनीं टाकी उपसणें अवश्य आहे. वाई नगरपरिषदेनें २०१८ सालापासून तीन वर्षांच्या पाळीनें टाक्या उपसण्याचा क्रम घातला. खानावळींत रश्श्याचें तेल थिजून नळ बुजवितें. तेथें तेल अडविणारी निराळी टाकी ठेवून ती वरचेवर साफ करावी.

उपसा करणारास काम देण्यापूर्वीं तीन प्रश्न विचारावे. गाडीस शोषक पंप आहे काय? मैला कोठें नेऊन रिता करणार? टाकींत माणूस उतरणार काय? हा शेवटचा प्रश्न सर्वांत मोठा. टाकींतील हायड्रोजन सल्फाइड वायु प्रथम नाकाची वास घेण्याची शक्तीच मारतो. उतरलेला माणूस सावध होण्यापूर्वींच कोसळतो, व त्यास काढावयास गेलेलाही प्राणास मुकतो. संरक्षक साधनांवांचून कोणास टाकी साफ करावयास लावणें २०१३ च्या कायद्यानें गुन्हा असून पहिल्या अपराधास दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात. चार पैसे वांचविण्यासाठीं परक्याचा जीव पणास लावूं नये, हें सुज्ञांस सांगणें न लगे.