चय आणि अपचय : दीर्घकालीन दाह व मोठ्या आतड्याचा कर्करोग

शास्त्रीय परिभाषा आणि लोकांची बोली यांच्यातील अंतर जेथे सर्वांत महाग पडते, असे क्षेत्र वैद्यकाचे होय. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर हा मध्य रेल्वेवरील सलग पट्टा या दृष्टीने विचारात घेण्यासारखा आहे. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी निर्वासितांची वस्ती १९४९ मध्ये उल्हासनगर या नावाने ओळखली जाऊ लागली. अंबरनाथ व बदलापूर येथे कारखान्यांच्या निमित्ताने कोकणातून व देशावरून मराठी कुटुंबे येऊन स्थिरावली. अशा संमिश्र वस्तीत घरगुती व्याधींची नावे एका घरातून दुसऱ्या घरात सहज जातात. शौचावाटे रक्त गेले की ‘उष्णता झाली’ किंवा ‘मूळव्याध असेल’ असे म्हटले जाते. वारंवार जुलाब झाले की ‘आव पडली’ असा निर्णय होतो. या शब्दांत अनुभव आहे, पण भेद नाही. मूळव्याध, जिवाणूंमुळे होणारा अतिसार, आतड्याचा क्षय, दीर्घकालीन बृहदांत्रदाह आणि कर्करोग या पाच निरनिराळ्या अवस्था एकाच लक्षणाच्या आड उभ्या असू शकतात, आणि त्यांतील शेवटच्या दोहोंचा परस्परसंबंध काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

अल्सरेटिव्ह कोलायटिस या रोगात मोठ्या आतड्याच्या आतील अस्तराला वर्षानुवर्षे दाह होत राहतो. व्रण पडतात, भरतात व पुन्हा पडतात. अशा रुग्णाला कर्करोग झाल्याची नोंद क्रोन व रोझेनबर्ग यांनी १९२५ मध्ये केली. दाह आणि अर्बुद यांचा संबंध त्याहीपूर्वी, १८६३ मध्ये, जर्मन विकृतिशास्त्रज्ञ फिरखो याने सुचविला होता. २००१ मध्ये अनेक अभ्यासांचे एकत्र गणित करून असा अंदाज मांडण्यात आला की, या रुग्णांत कर्करोगाचे प्रमाण रोगाच्या दहाव्या वर्षी २ टक्के, विसाव्या वर्षी ८ टक्के व तिसाव्या वर्षी १८ टक्के इतके होते. पुढील काळातील अभ्यासांत हे आकडे पुष्कळच खाली आले आहेत. परंतु रोगाचा काळ व विस्तार जितका अधिक तितका धोका अधिक, हे सूत्र कायम आहे.

हा धोका का वाढतो, याचे उत्तर पूर्वी केवळ ‘पेशींची झीज व पुनर्निर्मिती’ एवढ्यावर थांबत असे. आता त्यात पेशींच्या ऊर्जाव्यवहाराची भर पडली आहे. या व्यवहाराला मराठीत ‘चयापचय’ म्हणतात. चय म्हणजे साठविणे, रचणे. अपचय म्हणजे मोडणे, खर्ची घालणे. सामान्य बोलण्यात हा शब्द ‘पचन’ या अर्थाने वापरला जातो. परंतु पचन अन्ननलिकेत होते, चयापचय प्रत्येक पेशीत. समासाची दोन्ही पदे वेगळी ठेवली तरच पुढील विवेचन नीट उलगडते.

प्रथम निरोगी अवस्था पाहू. शरीरातील बहुतेक पेशी ग्लुकोज हे मुख्य इंधन मानतात. मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशी मात्र याला अपवाद आहेत. भाकरी, कडधान्ये, भाज्या यांतील जो तंतुमय भाग लहान आतड्यात पचत नाही, त्यावर मोठ्या आतड्यातील जिवाणू किण्वनाची क्रिया करतात आणि त्यातून ब्युटिरिक आम्ल तयार होते. हे नाव लोण्यासाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून आले आहे, कारण हे आम्ल प्रथम लोण्यात सापडले. रोडिगर यांनी १९८० च्या सुमारास दाखविले की, आतड्याच्या अस्तरातील पेशी आपली सुमारे ७० टक्के ऊर्जा याच आम्लाच्या क्षारापासून, म्हणजे ब्युटिरेटपासून, मिळवितात. हे ज्वलन पेशीतील तंतुकणिकांत, ऑक्सिजनच्या साहाय्याने होते. २०११ मध्ये जिवाणूविरहित वातावरणात वाढविलेल्या उंदरांत असे आढळले की, जिवाणू नसल्यामुळे या पेशी ऊर्जेअभावी स्वतःचेच घटक पचवू लागतात, आणि ब्युटिरेट पुरविताच ही अवस्था सुधारते.

या ज्वलनाचा आणखी एक परिणाम आहे. पेशी ऑक्सिजन भराभर वापरतात, म्हणून तो आतड्याच्या पोकळीत फारसा पोहोचत नाही; आणि ऑक्सिजनविरहित पोकळीतच ब्युटिरेट तयार करणारे जिवाणू टिकतात. अर्थात पेशी व जिवाणू परस्परांचे पोषण करीत असतात.

दीर्घकालीन दाहात हा समतोल बिघडतो. ब्युटिरेटचे ज्वलन मंदावल्याचे रोडिगर यांना कोलायटिसच्या रुग्णांत आढळले होते, आणि त्यावरून त्यांनी हा रोग मुळात ऊर्जेच्या तुटीचा आहे काय, असा प्रश्न १९८० मध्येच विचारला होता. पेशी ग्लुकोजच्या अर्धवट विघटनाकडे, म्हणजे ग्लायकॉलिसिसकडे, वळतात. ऑक्सिजन पूर्वीइतका वापरला जात नाही. तो पोकळीत झिरपतो. मग ऑक्सिजनवर वाढू शकणारे ई. कोलाय यांसारखे जिवाणू बळावतात, आणि त्यांतील काही प्रकार पेशीच्या डीएनएला इजा करणारे द्रव्य तयार करतात. दुसरीकडे, दाहाच्या जागी जमलेल्या पांढऱ्या पेशी ऑक्सिजन व नायट्रोजन यांची अतिक्रियाशील संयुगे सोडतात. त्यांचाही आघात डीएनएवरच होतो. दाहाने चयापचय बिघडतो व बिघडलेल्या चयापचयाने दाह टिकतो, असे हे दुष्टचक्र आहे.

येथे ओटो वारबुर्ग यांच्या शोधाचे स्मरण आवश्यक आहे. १९२० च्या दशकात त्यांनी दाखविले की, कर्कपेशी ऑक्सिजन उपलब्ध असतानाही ग्लुकोजचे अर्धवट विघटन करून लॅक्टिक आम्ल तयार करतात. ग्लुकोजच्या एका रेणूपासून या मार्गाने एटीपीचे केवळ २ रेणू हाती येतात, तर पूर्ण ऑक्सिडीकरणाने सुमारे ३० ते ३२. मग कर्कपेशी हा तोट्याचा व्यवहार का करते? तंतुकणिका निकामी झाल्यामुळे, असे वारबुर्ग यांचे उत्तर होते. ते आज सामान्यतः मान्य नाही. बहुतेक कर्कपेशींतील तंतुकणिका काम करीत असतात. खरे उत्तर ‘चय’ या पदात आहे. वेगाने विभागणाऱ्या पेशीला ऊर्जेइतकीच बांधणीच्या सामग्रीची गरज असते, आणि ग्लुकोजच्या विघटनातील मधले पदार्थ न्यूक्लिक आम्ले, मेद व अमिनो आम्ले रचण्यासाठी उपयोगी पडतात. अपचयात जे गमावले ते चयात कमावले, असा हा हिशेब आहे.

दाहजन्य कर्करोगात हा बदल कोणत्या टप्प्यावर घडतो? सामान्य आतड्याच्या कर्करोगात एपीसी हे जनुक आरंभीच बिघडते व पी-५३ उशिरा. दाहजन्य कर्करोगात हा क्रम उलट असतो. पी-५३ हे जनुक डीएनएचे रक्षण करते, शिवाय तंतुकणिकांतील ज्वलनालाही साहाय्य करते. म्हणून त्याचा लवकर होणारा ऱ्हास दोन्ही अंगांनी घातक ठरतो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तर असे दिसले की, कोलायटिसच्या रुग्णांत कर्करोगपूर्व अवस्थेत तंतुकणिकांतील एक महत्त्वाचे विकर नाहीसे होते, आणि प्रत्यक्ष कर्करोगात ते पुन्हा प्रकट होते. म्हणजे ऊर्जाव्यवहार एकदाच बिघडत नाही. तो टप्प्याटप्प्याने बदलतो.

दाहाचा संदेश पेशीच्या केंद्रकापर्यंत नेणाऱ्या प्रथिनांत एनएफ-कप्पा-बी प्रमुख आहे. २००४ मध्ये उंदरांवर केलेल्या प्रयोगात, ते कार्यान्वित करणारे विकर आतड्याच्या अस्तरातील पेशींतून काढून टाकले असता अर्बुदांची संख्या सुमारे ८० टक्क्यांनी घटली. दाह मात्र घटला नाही. यावरून दाह केवळ इजा करीत नाही, तर इजा झालेल्या पेशीला जिवंत राहण्याची मुभाही देतो, हे स्पष्ट होते.

यातून आहारविषयक घाईचे निष्कर्ष काढू नयेत. ब्युटिरेट निरोगी पेशीचे इंधन आहे, तर ग्लुकोजवर जगणाऱ्या कर्कपेशीत ते न जळता साचते व तिची वाढ रोखते, असे प्रयोगशाळेत दिसते. परंतु त्यामुळे तंतुमय आहार हा कोलायटिसवरील औषधाचा पर्याय ठरत नाही. दाह औषधाने आटोक्यात ठेवणे, आणि लक्षणे सुरू झाल्यापासून सुमारे आठ वर्षांनी दुर्बिणीची तपासणी करून पुढे ती वैद्याच्या सल्ल्याने ठरावीक काळाने करीत राहणे, हाच मार्ग आहे. भारतात आतड्याच्या कर्करोगाचे प्रमाण पाश्चात्त्य देशांच्या मानाने कमी आहे, ही गोष्ट खरी. पण तिच्यामुळेच शंका उशिरा येते.

महाराष्ट्राला या संशोधनाची परंपरा नवी नाही. परळ येथे १९४१ मध्ये टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. १९५२ मध्ये डॉ. वसंत खानोलकर यांच्या नेतृत्वाखाली तेथे भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले, आणि त्यात डॉ. कमल रणदिवे यांनी ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. जिवंत पेशी काचपात्रात वाढवून तिचा व्यवहार पाहण्याची जी पद्धत वरील काही निष्कर्षांमागे आहे, तिची भारतातील सुरुवात अशी मराठी संशोधिकेच्या हातून झाली.

बदलापूरहून परळपर्यंतचा लोहमार्ग साठ-पासष्ट किलोमीटरांचा आहे. परंतु ‘उष्णता झाली’ या शब्दापासून ‘दाह’ या शब्दाच्या नेमक्या अर्थापर्यंतचे अंतर कापायला रुग्णाला कित्येकदा वर्षे लागतात, आणि या रोगात वर्षे हाच धोक्याचा मापदंड आहे. परिभाषा घडविणाऱ्यांचे काम शब्दकोशाशी संपत नाही, याचे याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल.