आगरी विवाहगीतांचे उपप्रकार व त्यांवरील प्रभाव : भिवंडी परिसराच्या संदर्भात एक मांडणी

१. प्रश्नाचे स्वरूप

ठाणे जिल्ह्यात भिवंडी शहराला लागून, कामवारी नदीच्या काठी, वाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर शेलार हे गाव वसले आहे. यंत्रमागांच्या वाढीबरोबर हे गाव शहराच्या कक्षेत आले. परंतु त्याच्या सभोवारचा प्रदेश मूळचा भातशेतीचा आणि आगरी वस्तीचा होय. आगरी हे नाव ‘आगर’ या शब्दाशी निगडित असून खाडीकाठची मिठागरे आणि आतील भाताची खाचरे ही या समाजाच्या उपजीविकेची परंपरागत साधने होत. ठाणे, रायगड आणि मुंबईचा काही भाग एवढ्या पट्ट्यात हा समाज पसरला आहे.

या पट्ट्यातील लग्नघरी एकाच मांडवात अनेक तऱ्हेचे गायन ऐकू येते. एखादी वयोवृद्ध स्त्री वाद्याच्या साथीवाचून विधीगणिक गात असते. नात्यागोत्यातील स्त्रिया विहिणीची थट्टा करणारी गाणी म्हणतात. आणि हळदीच्या रात्री बेंजोच्या जलद चालींवर आबालवृद्ध नाचतात. या साऱ्यांना आज सरसकट ‘आगरी-कोळी गीते’ असे एकच नाव दिले जाते. हे नाव सोयीचे असले तरी अभ्यासाच्या दृष्टीने ते अडचणीचे आहे. कारण या नावाखाली एकत्र आलेल्या गीतांचे वय, प्रयोजन आणि त्यांच्यावर झालेले संस्कार परस्परांहून अत्यंत भिन्न आहेत. या गीतांचे उपप्रकार कोणत्या तत्त्वावर पाडावेत, आणि बाहेरून आलेले प्रभाव त्यांतील कोणत्या प्रकारात किती शिरले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

२. वर्गीकरणाचे तत्त्व

संगीताचे उपप्रकार पाडताना एक दोष वारंवार घडतो. वर्ग एका कसोटीवर न पाडता निरनिराळ्या कसोट्यांवर पाडले जातात आणि ते एकाच कोष्टकात शेजारी शेजारी मांडले जातात. याचे बोलके उदाहरण पाश्चात्त्य संगीतात सापडते. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये रॉक संगीताची जी शाखा ‘प्रोग्रेसिव्ह’ म्हणजे प्रागतिक म्हणून ओळखली जाऊ लागली, तिचे उपप्रकार पुढे अभ्यासकांनी व रसिकांनी पाडले. त्यांपैकी ‘सिंफनिक’ हे नाव रचनापद्धतीवरून पडले. ‘कँटरबरी’ हे एका शहराच्या नावावरून. जर्मनीतील शाखेचे नाव राष्ट्रावरून, आणि तेही ब्रिटिश संगीत-नियतकालिकांत रूढ झालेले. तर एका फ्रेंच शाखेचे नाव ‘माग्मा’ या १९६९ मध्ये स्थापन झालेल्या मंडळाने रचलेल्या कृत्रिम भाषेतील एका शब्दावरून. अशा यादीत एकच रचना दोन-तीन वर्गांत बसते आणि कोणता प्रभाव कोठून आला हे उकलत नाही.

आगरी गीतांच्या बाबतीतही हेच घडते. ‘कोळीगीत’ हा वर्ग जातीवरून, ‘हळदीचे गाणे’ हा विधीवरून, ‘बेंजोचे गाणे’ हा वाद्यावरून आणि ‘वेसावची गाणी’ हा गावावरून पडलेला आहे. हळदीच्या रात्री बेंजोवर वाजविलेले वेसाव्याचे कोळीगीत यांपैकी कोणत्या वर्गात घालावे, या प्रश्नाला उत्तर नाही.

म्हणून येथे एकच कसोटी स्वीकारली आहे : गीत कोणत्या प्रसंगी गायले जाते आणि ते गाण्याचा अधिकार कोणाचा. चाल बदलते, शब्द बदलतात, वाद्ये तर एका पिढीत बदलतात. परंतु ‘हे कोणी गायचे’ हा संकेत त्या मानाने स्थिर असतो.

३. तीन थर

वरील कसोटी लाविली असता विवाहगीतांचे तीन थर स्पष्ट दिसतात.

पहिला थर धवल्याचा. धवला गाणाऱ्या स्त्रीस धवलारीण म्हणतात. ती केवळ गायिका नव्हे, तर विधीची सूत्रधार होय. मांडव घालणे, उंबराची फांदी आणणे, हळद लावणे इत्यादी विधी तिच्या गायनाबरोबर पुढे सरकतात. ग्रामदेवता आणि कुलदेवता यांना तीच गीतातून आवाहन करते. येथे गीत हे विधीचे भूषण नसून विधीचा भागच आहे. वाद्यसाथ त्याला लागत नाही. हे ज्ञान थोर स्त्रीकडून धाकटीकडे केवळ श्रवणाने जाते.

दुसरा थर स्त्रीसमूहाच्या गीतांचा. व्याही-विहिणीची थट्टा, वधूवरांचे कौतुक, माहेर-सासरचे उल्लेख हे यांचे विषय. गौरी-गणपतीच्या सणातील नाचाच्या गीतांशी यांचे निकटचे नाते आहे. येथे अधिकार एकीचा नसून जमलेल्या सर्व स्त्रियांचा असतो, आणि नवे कडवे जागच्या जागी जोडण्यास मोकळीक असते.

तिसरा थर मनोरंजनाचा. हळदीच्या रात्रीचे आणि वरातीचे गाणे-बजावणे यात मोडते. येथे गाणारे-वाजविणारे बहुधा मोबदला घेऊन बोलाविलेले असतात, आणि ज्यांच्यासाठी गायचे ते सर्व नाचणारे असतात.

४. धवल्याची पूर्वपीठिका

तीन थरांपैकी धवल्याचा इतिहास सर्वांत दूरवर जातो. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातील ग्रंथात कोणता गीतप्रकार कोणत्या प्रसंगी योजावा हे सांगताना विवाहप्रसंगी धवल गावा असे म्हटले आहे. त्याच ठिकाणी महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात असाही उल्लेख आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकरा’त धवल या प्रबंधाचे कीर्ती, विजय आणि विक्रम असे तीन भेद चरणांच्या संख्येवरून सांगितले, आणि लोकांत प्रसिद्ध असलेल्या रीतीनेही धवल गावा अशी पुस्ती जोडली. शास्त्रकाराने लोकरीतीस दिलेली ही मान्यता महत्त्वाची आहे. कारण तिच्यावरून शास्त्रोक्त धवलाच्या शेजारी एक लौकिक धवल त्या काळी नांदत होता असे अनुमान काढता येते.

त्याच शतकाच्या उत्तरार्धात महानुभाव पंथातील महदंबेने ‘धवळे’ रचले. रिद्धपूर येथे गोविंदप्रभूंच्या विवाहाचा जो लीलारूप सोहळा झाला त्या प्रसंगी ते गायले गेले, आणि श्रीकृष्ण-रुक्मिणीचा विवाह हा त्यांचा विषय होय. आद्य मराठी कवयित्री म्हणून महदंबेचा गौरव होतो तो याच रचनेमुळे. तिने विवाहात गाण्यासाठी धवळ्याचीच निवड केली, याचा अर्थ हा प्रकार स्त्रियांच्या मुखी आधीपासून रूढ होता.

आगरी धवला या परंपरेशी कोणत्या वाटेने जोडला गेला, हा प्रश्न मात्र सोपा नाही. शब्दरूपावरून निर्णय करण्याचा मोह होतो. तो टाळणे इष्ट. संस्कृत ‘धवल’ शब्दाचे मराठीत ‘धवळ’ होते. आगरीत ‘धवला’ असा लकार आढळतो म्हणून तो मराठी ‘धवळ्या’हून वेगळा, थेट संस्कृतातून आलेला, असे म्हणता येत नाही; कारण आगरी बोलीत ‘ळ’च्या ठिकाणी ‘ल’ येणे हा सामान्य नियम आहे. ‘धवलारीण’ या शब्दाचा शेवट ‘कुंभारीण’, ‘सुतारीण’ यांसारखा आहे. म्हणजे ‘-कार’ प्रत्ययाचा अवशेष त्यात असावा, आणि ‘धवला करणारी’ असा त्याचा अर्थ संभवतो.

भौगोलिक पुरावा दोन दिशांकडे बोट दाखवितो. १२६५ च्या सुमारास शिलाहारांचे उत्तर कोकण यादवांच्या सत्तेखाली आले. त्यामुळे देशावरील धवळ्याचा संबंध संभवतो. उलट वसई व आसपासचा मुलूख १५३४ मध्ये पोर्तुगिजांना मिळेपर्यंत गुजरातच्या सुलतानांकडे होता. आणि गुजरातीत ‘धोळ’ नावाने हाच गीतप्रकार जैन व वैष्णव परंपरांत प्रसिद्ध आहे. याशिवाय याच टापूतील वारली समाजात विवाहविधी चालविणाऱ्या स्त्रीस ‘धवलेरी’ म्हणतात. लग्नचौक लिहिला जात असता आणि पुढील विधींत तिचे गायन चालते. आगरी आणि वारली या दोन भिन्न समाजांत गाणारी स्त्रीच पुरोहित असावी, ही गोष्ट ग्रंथोक्त धवलात कोठेही नाही. तेव्हा नाव ग्रंथपरंपरेशी समान असले तरी संस्था स्थानिक आहे, असा निष्कर्ष अधिक सयुक्तिक ठरतो.

या स्थानिकतेस आणखी एक पुष्टी मिळते. वसई-साष्टीतील ख्रिस्ती ईस्ट इंडियन समाजात धर्मांतरानंतरही ‘उंबराचे पाणी’ आणण्याचा विवाहविधी गाण्या-वाजविण्यासह टिकून राहिला. धर्म बदलला, भाषेत पोर्तुगीज शब्द आले, वाद्ये बदलली. पण विधीचा सांगाडा राहिला.

५. वाद्ये, ध्वनिमुद्रण आणि तिसरा थर

बाहेरच्या प्रभावांचा खरा खेळ तिसऱ्या थरात दिसतो. पहिला प्रभाव लष्करी वळणाच्या ब्रास बँडचा. ब्रिटिश अमदानीत तो लग्नाच्या वरातीत आला आणि मुंबईच्या कोळीवाड्यांतून रुळला.

दुसरा प्रभाव बेंजोचा. या परिसरात बेंजो म्हणतात ते वाद्य अमेरिकन बँजो नव्हे. जपानमधील नागोया येथे मोरिता गोरो याने १९१२ मध्ये ‘तायशोगोतो’ हे पट्ट्या दाबून वाजविण्याचे तंतुवाद्य तयार केले. ते भारतात येऊन ‘बुलबुलतरंग’ झाले, आणि विजेवर चालणाऱ्या ध्वनिवर्धकाची जोड मिळून मुंबई-ठाण्याच्या मिरवणुकांचे मुख्य वाद्य बनले. ज्या आवाजाला आज लोक अस्सल आगरी-कोळी मानतात, त्याचे मूळ असे जपानी आहे.

तिसरा प्रभाव ध्वनिमुद्रणाचा. शांता शेळके यांची शब्दरचना आणि हृदयनाथ मंगेशकर यांचे संगीत लाभलेल्या ‘मी डोलकर’सारख्या गीतांनी कोळी गीताचे एक रूप महाराष्ट्रभर पोहोचविले. ही गीते समाजाबाहेरील प्रतिभावंतांची निर्मिती असूनही समाजाने ती आपली मानली. पुढे कॅसेटच्या काळात वेसावकर आणि मंडळी यांच्या ‘वेसावची पारू’ने मुंबईच्या किनाऱ्यावरील कोळी ढंग भातशेतीच्या गावांतही नेला. हळदीतील आगरी गाणे आणि कोळी गाणे यांतील सीमारेषा पुसट होण्यास ही प्रक्रिया बहुतांशी कारणीभूत झाली.

६. समारोप

तिन्ही थर शेजारी ठेवून पाहिले असता एक नियम हाती लागतो. प्रभाव ग्रहण करण्याची शक्ती तिसऱ्या थरात सर्वाधिक, दुसऱ्यात मध्यम आणि पहिल्यात अत्यल्प आहे. मनोरंजनाचे गीत जपानी वाद्य, इंग्रजी बँड आणि चित्रपटाची चाल पचवून पुष्ट होते. धवल्याला ही सोय नाही. कारण त्याची चाल बदलणे म्हणजे विधी बदलणे होय.

परंतु या नियमाची दुसरी बाजू चिंतेची आहे. जे गीत उसने घेऊ शकत नाही ते तगण्यासाठी सर्वस्वी आपल्या अधिकारिणीवर अवलंबून असते. विवाह मंगलाष्टकांनी आणि भटजीच्या हस्ते लागू लागला, विधी सभागृहाच्या वेळापत्रकात बसवावे लागले, की धवलारणीचे काम संकोचते. आणि काम संकोचले की तिच्यामागून शिकणारी उरत नाही. ध्वनिमुद्रिका व कॅसेटी यांच्या संग्रहावरून उद्याच्या अभ्यासकाने आगरी विवाहसंगीताचे चित्र काढले, तर त्यात तिसरा थर विपुल, दुसरा विरळ आणि पहिला जवळजवळ नसलेला दिसेल. आणि ते चित्र वस्तुस्थितीच्या नेमके उलट असेल.

म्हणून धवल्याचे संकलन करताना केवळ शब्द उतरून घेणे अपुरे ठरते. कोणत्या विधीच्या कोणत्या क्षणी कोणते कडवे आले, ते गात असता हातांनी काय चालले होते, धवलारीण ते कोणाकडून शिकली आणि तिच्याबरोबर कोण गाते, ही नोंद गीताच्या संहितेइतकीच मोलाची आहे. ‘आगरी-कोळी गीते’ या एका नावाखाली तीन संस्था नांदत आहेत हे ध्यानी घेतल्यास, त्यांपैकी कोणतीस तातडीने टिपून ठेवणे आवश्यक आहे हेही आपोआप स्पष्ट होते.