पत्ते त्यांचे, घाम आपला!

पगाराच्या दिवशी संध्याकाळची कसारा लोकल पकडून आसनगावला येणाऱ्यांना आमचे म्हणणे लगेच कळेल. मुंबईहून आसनगाव सुमारे ८५ किलोमीटर. एवढा वेळ माणूस नुसता बसून कसा काढणार? कुणी भजन म्हणतात, कुणी डुलकी काढतात, तर कुणी चौघांच्या गुडघ्यांवर बॅग आडवी ठेवून पत्ते मांडतात. मेंढीकोट, रमी, पाच-तीन-दोन. त्यात कुणाचे काही जात नाही आणि कल्याण, टिटवाळा, वासिंद कधी मागे पडले ते कळतही नाही. अशा खेळाविरुद्ध आमची काही तक्रार नाही. घरी मुलांबरोबर बदाम सात खेळणाऱ्या आईबापांविषयीही नाही.

आमची तक्रार आहे ती पैसे लावून होणाऱ्या डावाविषयी. गणपतीत जागरणाच्या नावाखाली, दिवाळीत बोनस हाती पडल्यावर, जत्रेच्या गर्दीत आणि आता मोबाइलच्या पडद्यावरही हा डाव मांडला जातो. तेथे कष्टकऱ्याचा पैसा कसा जातो, हे उपदेश म्हणून नव्हे तर अनुभव म्हणून सांगावे, या हेतूने हा लेख लिहीत आहोत. अनुभव आमचा स्वतःचाच आहे आणि तो सांगताना आजही मान खाली जाते.

म्हशाच्या जत्रेतील गोष्ट

मुरबाड तालुक्यातील म्हसा येथे पौष पौर्णिमेला खांबलिंगेश्वराची जत्रा भरते. बैलांचा बाजार, घोंगड्या, तमाशाचे तंबू, खेळण्यांची दुकाने यामुळे ठाणे जिल्ह्यातच नव्हे, तर बाहेरही ती प्रसिद्ध आहे. सन २००० च्या पौषात आम्ही बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होतो. खिशात परीक्षेच्या फीचे साडेतीनशे रुपये होते. आई त्या हंगामात वीटभट्टीवर कामाला जात असे. तिथली मजुरी साठवून तिने ते पैसे हातावर ठेवले होते. फी सोमवारी भरायची होती. मित्रांबरोबर शहापूरहून मुरबाड आणि मुरबाडहून म्हसा असे एस.टी.ने गेलो.

बैलबाजाराच्या कडेला एका उलट्या खोक्यावर वर्तमानपत्र पसरून एक माणूस बसला होता. त्याच्या हातात तीन पाने, दोन काळी आणि एक बदाम राणी. तो पाने दाखवायचा, सावकाश इकडून तिकडे टाकायचा आणि विचारायचा, "राणी कुठे?" भोवती आठ-दहा माणसे. धोतर-टोपीतला एक गृहस्थ, बैल विकून आलेला शेतकरी वाटावा असा, दोनदा जिंकला. आम्हीही मनातल्या मनात तीन वेळा राणी ओळखली आणि तिन्ही वेळा बरोबर ठरलो!

इतक्यात पत्तेवाला बिडी पेटवायला मागे वळला. टोपीवाल्याने चटकन राणीचा कोपरा किंचित वाकवला आणि आमच्याकडे बघून डोळा मारला. पत्तेवाल्याने पाने पुन्हा उचलली, टाकली. वाकलेला कोपरा आम्हाला स्पष्ट दिसत होता. आम्ही शंभर रुपये पुढे केले. तो म्हणाला, "तीनशेच्या खाली डाव नाही." टोपीवाला कानाशी लागला, "अरे दादा, कोपरा बघ की! डोळे मिटून लाव." आम्ही सगळे लावले. पान उलटले, तर काळे! पुढे काही बोलणार तोच कुणीतरी "पोलीस आले" म्हणून ओरडले आणि डोळ्यांदेखत खोके, पत्तेवाला, शेतकरी सगळे नाहीसे झाले.

घरी येऊन रडत रडत सांगितले. आई बराच वेळ गप्प होती. मग एवढेच म्हणाली, "तो चोर होता हे खरं. पण तू तिथं काय करायला गेला होतास?" दुसऱ्या दिवशी तिने भट्टीवाल्याकडून उचल घेतली. फी भरली गेली. मात्र उचल फेडण्यासाठी तिला पुढे कितीतरी दिवस जादा विटा थापाव्या लागल्या.

कोपऱ्याचे रहस्य

पुढे नोकरी लागली, चार पुस्तके वाचली, हातचलाखी करणाऱ्यांशी बोललो, तेव्हा त्या डावाचा उलगडा झाला. पत्तेवाला एकाच हातात दोन पाने वर-खाली धरतो. टाकताना खालचे पान पडले असे आपल्याला वाटते, पण तो वरचे टाकतो. यात वेगाचे काम नाही. उलट तो सावकाश टाकतो, म्हणजे आपला डोळा चुकीच्या पानामागे विश्वासाने जातो. सुरुवातीला मात्र तो हात सरळ ठेवतो. आपण बरोबर ओळखतो आणि आपल्या डोळ्यांवर आपलाच भरवसा बसतो.

आणि तो वाकलेला कोपरा? पाने उचलताना तो बोटाने राणीचा कोपरा सरळ करतो आणि दुसऱ्या पानाचा वाकवतो. टोपीवाला त्याचाच माणूस. भोवतीच्या दहांपैकी सहा-सात जण त्याचेच असतात. एक जिंकून दाखवतो, एक कोपरा वाकवतो, एक पोलिसांवर नजर ठेवतो, आणि एक हरलेल्याच्या खांद्यावर हात टाकून "जाऊ दे रे" म्हणत त्याला दूर नेतो.

आईच्या प्रश्नाचा अर्थ तेव्हा समजला. आम्ही त्या पत्तेवाल्याला फसवायला गेलो होतो! कोपरा वाकलेला आहे हे त्याला ठाऊक नाही, म्हणून त्याचे पैसे आपण उचलू, हा आमचा विचार होता. त्याला नेमके तेच हवे होते. भोळा माणूस एक वेळ निघून जाईल, पण आपण हुशार आहोत असे वाटणारा माणूस खिसा रिकामा करतो. शिवाय तो तक्रार कुठे करणार? स्वतःचीच चोरी सांगावी लागेल.

तीन पत्तीची बैठक

आता बसून खेळल्या जाणाऱ्या तीन पत्तीकडे वळू. आम्ही हिशेबाचे विद्यार्थी, म्हणून आधी आकडे पाहू. ५२ पानांतून तीन पाने २२,१०० प्रकारे येऊ शकतात. त्यांत तीन सारख्या पानांचे, म्हणजे ट्रेलचे, प्रकार केवळ ५२. याचा अर्थ सरासरी ४२५ वाटपांत एकदा. जोडीचे प्रकार ३,७४४, म्हणजे शंभरात सुमारे १७. आणि १६,४४० प्रकारांत, म्हणजे शंभरात सुमारे ७४ वेळा, हातात ना जोडी, ना रंग, ना ओळ. एकाच बैठकीत एकाच माणसाला दोन-तीनदा ट्रेल आले, तर त्याच्या नशिबाचे कौतुक करण्याआधी त्याच्या हाताकडे पाहावे.

हात काय करतो? डाव संपल्यावर पाने गोळा करतानाच हवी ती पाने गठ्ठ्याच्या तळाशी घेतो. पिसतो भरपूर, पण तळ हलू देत नाही. कापायला दिले तर शेजारचा साथीदार हव्या त्या जागीच कापतो. वाटताना वरच्या पानाऐवजी तळाचे पान सरकवतो. कुणी नखाने पानाच्या कडेला खूण करून ठेवतो. कुणी समोर स्टीलच्या डब्याचे झाकण, लायटर किंवा बंद मोबाइल ठेवतो आणि वाटलेले पान त्यावरून जाताना त्याचे प्रतिबिंब बघतो. पत्ते नीट मिसळणे किती अवघड असते, हे गणितज्ञांनीही दाखवले आहे. दोन गठ्ठे करून पाने एकमेकांत मिसळण्याची पद्धत घेतली, तरी ५२ पाने नीट मिसळायला सुमारे सात वेळा पिसावे लागते, असे बायर आणि डायकोनिस या दोघांनी १९९२ साली मांडले. यांतील डायकोनिस हे तरुणपणी जादूगार होते. आपल्याकडे दोन-तीनदा हात फिरवला की "वाट" म्हणतात!

याहून सोपी युक्ती म्हणजे भिडू. लहानपणी मेंढीकोट खेळताना कान खाजवला की बदाम, नाक चोळले की इस्पिक, अशा खुणा आपण सर्वांनी केल्या आहेत. तेथे हरलो तर कोट चढायचा, इतकेच. पैशांच्या डावात मात्र दोघे संगनमताने चाल वाढवत नेतात आणि मधला तिसरा चिरडला जातो. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मोठी लूट करायची असते तेव्हा आपल्याला वाईट पाने येत नाहीत, चांगली येतात! आपल्याला ओळ देतात आणि साथीदाराला तिच्याहून थोडी वरची. वाईट पाने आली तर आपण टाकून देऊ, चांगल्या पानांवर मात्र घर लावू, हे त्यांना पक्के ठाऊक असते.

पानाआधी माणूस वाचतात

सराईत खेळाडू समोरच्याचा चेहरा वाचतो. चांगली पाने पाहताच पुष्कळांचा हात थरथरतो, नजर क्षणभर स्वतःच्या पैशांकडे जाते, बोलणे थांबते. पाने कच्ची असणारा मोठ्याने बोलतो, नोटा आपटतो. या खुणा प्रत्येकाच्या वेगळ्या असतात आणि कधी कधी खोट्याही. पण रोज त्याच डब्यात, त्याच माणसांबरोबर बसणाऱ्याच्या सवयी महिनाभरात पाठ होतात.

मात्र खरे वाचन पत्ते वाटण्यापूर्वीच झालेले असते. पगार सातला होतो की दहाला? बोनस झाला का? बहिणीचे लग्न ठरले म्हणजे पैसे काढले असतील ना? हे प्रश्न चहा पाजून, आपुलकीने विचारले जातात. आणि सर्वांत सोपा वाचता येतो तो हरलेला माणूस. गेलेले परत मिळवायचे म्हणून तो दुप्पट लावणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

कायदा आणि मोबाइल

आपल्याकडे १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आहे. सार्वजनिक जागी जुगार खेळणे त्याच्या कलम १२ खाली गुन्हा आहे. काही जण रमीच्या निकालाचा दाखला देतात. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ मानला हे खरे. पण त्याच निकालात तीन पत्तीचा खेळ निव्वळ नशिबाचा म्हटला आहे आणि रमीतूनही अड्डेवाला नफा काढत असेल तर गुन्हा होऊ शकतो असे सांगितले आहे. फसवणुकीसाठी १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ लागू आहे.

मोबाइलवरील डावात तर समोरचा हातही दिसत नाही, मग हातचलाखी पकडणार कशी? ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा मंजूर केला. तरीही कुणी चोरवाटेने लिंक पाठवली, तर घरातल्या मुलांनी ती उघडू नये, हे आपणच पाहिले पाहिजे.

जुनाच रोग

हा रोग आजचा नाही. जातककथांतील ९१ व्या लित्त जातकात फाशांच्या खेळातला एक लबाड आहे. हरू लागला की तो फासा तोंडात लपवायचा आणि "फासा हरवला" म्हणून डाव मोडायचा. बोधिसत्त्वाने फाशांना विष लावून ठेवले. लबाड कोसळला. पण त्याला मरू दिले नाही. वांतीचे औषध देऊन वाचवले आणि पुन्हा असे करू नकोस म्हणून समजावले. दीघ निकायातील सिगालोवाद सुत्तात तर जुगाराचे सहा तोटे मोजून दिले आहेत. जिंकणाऱ्याच्या वाट्याला वैर येते, हरणारा गेलेल्या धनासाठी झुरतो, साठवलेले संपते, सभेत शब्दाला किंमत राहत नाही, मित्र तुच्छ मानतात आणि अशा माणसाला कुणी मुलगी देत नाही. यांतला कोणता तोटा आपल्या वस्तीत आपण पाहिलेला नाही, ते ज्याने त्याने स्वतःला विचारावे.

काय करावे?

बुवाबाजांचे चमत्कार अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते लोकांसमोर करून दाखवतात आणि मग त्यामागची युक्ती उघड करतात. आम्हीही आता रविवारी वस्तीतल्या मुलांना तीन पाने टाकून दाखवतो. अजून हात सफाईदार बसलेला नाही, तरी पहिल्या डावात सगळी मुले हरतात. मग कोपरा कसा सरळ होतो ते सावकाश दाखवतो. खोटे पैसे म्हणून चिंचोके लावतो. चिंचोके हरल्यावर मुलांचे चेहरे जे होतात, ते पाहून समजते की हा धडा पुस्तकातून शिकवता आला नसता.

घरच्या माउलींना विनंती अशी की, पगाराच्या दिवशी घरात येणारा पैसा आणि खर्च दोघांनी मिळून वहीत लिहावा. कुणी हरून आला असेल तर त्याला चारचौघांत अपमानित करू नये, कारण लाजेने तो गप्प बसतो आणि परत मिळवायला पुन्हा तेथेच जातो. आमच्या आईने आम्हाला मारले नाही, म्हणूनच आम्ही तिला खरे सांगू शकलो. तरुण बंधूंना एवढेच सांगणे की, जत्रेत खोक्याभोवती गर्दी दिसली तर बघायलाही थांबू नका. कारण बघणारा कोण आहे, ते तुमच्याआधी त्यांनी बघितलेले असते.

आईची ती उचल फिटली, आम्ही पदवीधर झालो, नोकरीला लागलो. पण तीनशे रुपयांत किती विटा होतात याचा हिशेब आम्ही पुढे एकदा मांडला होता. तो आजही आम्हाला पाठ आहे.

जयभीम.