पुढं कोण चालणार?

मार्चअखेरची वसुली संपली, गटांची दप्तरं पूर्ण झाली की बायका मला विचारतात, "ताई, सुट्टीत कुठं?" आज सहलीबद्दलच बोलते, पण ज्या घरात दुसरं लग्न होऊन दोन्हीकडची मुलं एकत्र आली आहेत, त्या घरांच्या सहलीबद्दल. आमचं घर तसंच आहे. माझी मुलगी नऊ वर्षांची, यांचा मुलगा तेरा वर्षांचा. ती यांना काका म्हणते, तो मला मावशी. त्यात आमच्या यांना व्यायामाचं वेड. पहाटे साडेचारला उठून पोलीस भरतीच्या पोरांना १६०० मीटर पळवतात. घड्याळ हातात असल्याशिवाय त्यांना चालताच येत नाही.

मागच्या मे महिन्यात आम्ही कोकणात गेलो. जालन्याहून रेल्वेनं मुंबई, मुंबईहून खेड, मग एसटीनं दापोली आणि मुरूड. मुरूड मी मुद्दाम सुचवलं होतं, कारण ते महर्षी कर्व्यांचं गाव. त्यांच्या पहिल्या पत्नी राधाबाई १८९१ मध्ये वारल्या, मागं मुलगा रघुनाथ. १८९३ मध्ये कर्व्यांनी गोदूबाईंशी लग्न केलं. त्या विधवा होत्या, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकत होत्या. मुरूडकरांनी कर्व्यांवर बहिष्कार टाकला. तोच रघुनाथ पुढं संततिनियमनाचं काम करणारे र. धों. कर्वे झाले. आपल्यासारखी घरं काही आजची नाहीत, हे मुलांना सांगावं असं माझ्या मनात होतं. पण यांनी त्यातली एकच गोष्ट उचलली. कर्वे विद्यार्थी असताना परीक्षेसाठी मुरूडहून साताऱ्याला चालत गेले होते! (तिथं ते वयानं लहान दिसतात म्हणून परीक्षेला बसूच दिलं नाही, ही पुढची गोष्ट कोणी ऐकलीच नाही.)

दुसऱ्या दिवशी बेत ठरला: हर्णै, तिथून आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती, सगळं चालत. निघायला नऊ वाजले. थोड्या वेळानं मी पाहिलं, तर पुढं बापलेक आणि मागं मायलेकी. चार माणसं एका रस्त्यावर, पण दोन जुनी घरं वेगवेगळी चालली होती. कोणी भांडलं नव्हतं, कोणी कोणाला टाकूनही गेलं नव्हतं. वेगानंच ती वाटणी केली होती. यांना वाटत होतं, एकत्र घाम गाळला की पोरं एकमेकांची होतील.

हर्णैजवळ मुलगी खाली बसली. डोकं दुखत होतं, मळमळत होतं, अंग घामानं निथळत होतं. हे म्हणाले, "बिबीत बेचाळीस डिग्रीत राहते, इथं तर तेवढं ऊनही नाही."

इथंच आपण फसतो. घाम आला म्हणून अंग थंड होत नाही, घाम वाळला की होतं. आपल्याकडं हवा कोरडी, म्हणून कूलर चालतो. पाणी उडून जातं आणि गार वारा येतो. कोकणात तोच कूलर लावला तर खोली नुसती ओली होईल. अंगाचंही तसंच. दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता ओघळतो. पाणी आणि मीठ जातं, उष्णता आतच राहते. अशा हवेची सवय व्हायला निरोगी माणसालाही एक-दोन आठवडे लागतात, आणि आपली सहल असते चार दिवसांची.

तिला सावलीत निजवलं, ओल्या ओढणीनं अंग पुसलं, वारा घातला. एक लिटर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ, असं पाणी घोटघोट पाजलं. तासाभरात ती बोलायला लागली. माणूस असंबद्ध बोलू लागलं, बेशुद्ध झालं किंवा अंग तापून लाल झालं, तर मात्र पाणी पाजत बसू नका. अंग ओलं करत सरळ दवाखान्यात न्या.

त्या रात्री मी यांच्याशी भांडले नाही, पण दोन गोष्टी ठरवून घेतल्या. यांनी पहाटे एकट्यानं हवं तेवढं पळावं. घर सगळं निघालं की सगळ्यात हळू चालणारं माणूस पुढं, आणि जोड्या बदलायच्या. मुलगी काकांबरोबर, मुलगा माझ्याबरोबर.

पहिल्या दिवशी यांचा जीव नुसता कासावीस झाला. मुलगी प्रत्येक शिंपल्यापाशी थांबायची. पण तिनंच विचारलं, "काका, तुम्हाला पोहता येतं?" आमच्या विहिरीत सूर मारणारा हा माणूस लगेच समुद्रात निघाला. तिथल्या एका कोळ्यानं अडवलं, "विहिरीचं पाणी ओढत नाही, हे ओढतं." भरती-ओहोटीची वेळ रोज साधारण पाऊण-एक तासानं पुढं सरकते, तेव्हा तिथल्या माणसाला विचारल्याशिवाय गुडघ्याच्या पुढं जाऊ नये.

मी आणि मुलगा मागं होतो. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "मावशी, माझ्या आईनं समुद्र पाह्यला नव्हता." बापाच्या बरोबरीनं धापा टाकत चालताना हे त्याला कधी बोलता आलं असतं? मी फक्त विचारलं, तिला काय काय आवडायचं. हर्णै येईपर्यंत तो सांगत होता.

या दिवाळीत लोणारच्या विवरात उतरायचं ठरलंय. पुढं मुलगी राहणार. यांनी नवीन बूट आत्ताच आणून ठेवलेत.