रुग्णाचे दुखणे आणि परिचारिका : गैरसमज व वस्तुस्थिती

वेदना यंत्रावर मोजता येत नाही. ती ज्याला होते त्याच्या सांगण्यावरून कळते आणि ते सांगणे ऐकणे, लिहिणे, औषधानंतर पुन्हा विचारणे हे काम मुख्यतः परिचारिकेचे असते. नरखेड तालुक्यातले ग्रामीण रुग्णालय, प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि उपकेंद्रे यांत डॉक्टरांची फेरी होऊन जाते. पाळीभर खाटेजवळ असते ती सिस्टर. तरीही डॉक्टरांनी लिहिलेली सुई टोचण्यापलीकडे दुखण्यात तिचा वाटा नाही, हा समज सर्वत्र आढळतो.

औषध लिहिणे डॉक्टरांकडे असते हे खरे. पण संत्र्याच्या तोडीच्या वेळी शिडीवरून पडून हात मोडलेला मजूर आला, तर हाताला खपची बांधून आधार देणे, हात उंच ठेवणे, कापडात गुंडाळलेल्या बर्फाने शेकणे हे ती लगेच करू शकते आणि नुसत्या आधारानेही दुखणे बरेच उतरते. खरी परीक्षा प्लास्टरनंतर असते. वेदना कमी होण्याऐवजी वाढत असेल, बोटे सरळ करताना असह्य कळ येत असेल, बोटांना बधिरपणा असेल, तर आतला दाब वाढून स्नायूंचा रक्तपुरवठा तुटत असण्याची शक्यता असते. तिथे आणखी एक सुई देणे घातक. डॉक्टरांना तातडीने बोलावून प्लास्टर सैल करणे हाच पहिला उपाय. हा फरक कळण्यासाठी दोन तासांपूर्वी किती दुखत होते याची नोंद हवी.

ही नोंद आकड्यांशिवाय होत नाही, असे मानले जाते. शून्य ते दहा ही मोजपट्टी सोपी आहे, पण अनेक वृद्धांना ती परकी वाटते. त्याच आजी ‘रुपयात बारा आणे दुखते’ किंवा ‘चार आणे फरक पडला’ असे मात्र सहज सांगतात. मोजमाप कोणतेही चालते. प्रत्येक पाळीत तेच वापरले पाहिजे, एवढीच अट. दुखण्याचा प्रकारही लिहावा लागतो. ठणका, चमक, पोटात मुरडा, तळपायाची आग, मुंग्या यांची कारणे वेगळी असतात. मधुमेहाच्या रुग्णाची आग आणि मुंग्या बहुधा नसांमधून येतात आणि नेहमीच्या वेदनाशामक गोळीने त्या फारशा हटत नाहीत.

‘ओरडत नाही म्हणजे दुखत नाही’ हा समज तर कर्मचाऱ्यांमध्येही असतो. शेतकरी कुटुंबातले अनेक जण दुखणे गिळतात. सुनेसमोर किंवा मुलासमोर तर जास्तच. दमलेला रुग्ण वेदनेतही झोपतो, आणि दुखणे जुने झाले की नाडी व रक्तदाब नेहमीसारखे दिसू शकतात. रुग्ण सांगतो तीच वेदना खरी मानावी, असा आग्रह अमेरिकेतील परिचारिका मार्गो मॅककॅफरी यांनी १९६८ मध्ये धरला आणि आजची परिचर्या त्यावरच उभी आहे. ज्याला बोलता येत नाही त्याच्या कपाळावरच्या आठ्या, कण्हणे, अंग आखडून धरणे हे वाचावे लागते.

तान्ह्या बाळांना वेदना कळत नाही, असे एकेकाळी डॉक्टरही मानत. के. जे. एस. आनंद आणि पॉल हिकी यांनी १९८७ मध्ये मांडलेल्या पुराव्यांनी हा समज मोडीत निघाला. लसीकरणाच्या दिवशी बाळाला अंगावर पाजत असताना लस टोचली तर ते कमी रडते. याला खर्च काहीच नाही, तरी हे क्वचितच केले जाते.

सर्वांत धोकादायक समजूत मात्र वेगळीच आहे : दुखणे कमी तर धोका कमी. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावते तेव्हा सूज नसते, वेदना नसल्यातच जमा असते, कधी दाताची खूणही सापडत नाही. काही तासांनी पापण्या जड होतात, गिळता येत नाही, श्वास अडतो. काचेच्या नळीतली वीस मिनिटांची रक्त गोठण्याची तपासणी अशा रुग्णात निर्दोष येते, कारण मण्यारीचे विष नसांवर काम करते. म्हणून ‘काही दुखत नाही’ म्हणणाऱ्यालाही सिस्टर वरचेवर वर बघायला सांगते, पापण्या पाहते, श्वास मोजते. सर्पदंशात दुखत असल्यास पॅरासिटामॉल चालते. ॲस्पिरिन आणि डायक्लोफेनॅक टाळतात, कारण त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. विंचवाचेही असेच. ठणका कितीही असो, घाम, उलट्या आणि गार पडलेले हातपाय ही विष अंगात भिनल्याची लक्षणे होत. तेव्हा प्राझोसिन लागते. त्याचा उपयोग महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी दाखवून दिला. मधुमेहींमध्ये हृदयविकाराचा झटकाही छातीत न दुखता येऊ शकतो.

‘गोळीपेक्षा सुई जोरदार’ हेही अर्धसत्यच. सुईने औषध लवकर लागू पडते, पण बरेचदा ते तेच असते. मे महिन्याच्या उन्हात पाणी कमी पडलेल्या मजुराला डायक्लोफेनॅक दिल्यास मूत्रपिंडांना इजा होऊ शकते, मग ते सुईने दिलेले असो वा गोळीने.

नागपुरात उपचार घेऊन गावी परतलेल्या कर्करोगाच्या रुग्णांना मॉर्फिनची भीती सर्वाधिक छळते. मॉर्फिन म्हणजे व्यसन आणि शेवट, असा घरच्यांचा समज असतो. वेदनेसाठी, देखरेखीखाली घेतलेल्या मॉर्फिनने व्यसन लागणे विरळा. शरीराला औषधाची सवय होणे ही वेगळी गोष्ट, म्हणून ते एकदम बंद न करता हळूहळू कमी करतात. ते मरणाच्या दारातच द्यायचे असते असेही नाही. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यातील अटींमुळे ते रुग्णांपर्यंत पोहोचणे अवघड झाले होते. २०१४ च्या दुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त संस्थांना ते ठेवणे तुलनेने सुकर झाले. ‘फार दुखले की घ्या’ हा सल्ला इथे चुकीचा ठरतो. मॉर्फिनची साधी गोळी घड्याळाप्रमाणे, साधारण दर चार तासांनी द्यायची असते, म्हणजे वेदना डोके वर काढत नाही. बद्धकोष्ठता जवळपास प्रत्येकाला होते, म्हणून पोट साफ होण्याचे औषध पहिल्या दिवसापासून सोबत असावे. रुग्णाला जास्त गुंगी येऊ लागली, हाक मारल्यावर जागा होणे कठीण झाले किंवा श्वास मंदावला, तर पुढचा डोस न देता लगेच डॉक्टरांना कळवायचे, हे घरच्यांना समजावून सांगणे आणि डोसांच्या वेळा कागदावर लिहून देणे हे काम परिचारिकेचेच.