जंतूंविरुद्ध धातूंची संकुले

मोरचुदाच्या फिकट निळ्या द्रावणात अमोनिया थेंबाथेंबाने घातला की आधी निळसर साका येतो. अमोनिया घालत राहिले की साका विरघळतो आणि द्रावण गर्द निळे होते. अशा वेळी तांब्याच्या प्रत्येक आयनाला अमोनियाच्या रेणूंनी आपले इलेक्ट्रॉन पुढे करून घेरलेले असते. मधोमध धातू आणि त्याला धरून ठेवणारे रेणू भोवती, अशा रचनेला संकुल म्हणतात. धरणाऱ्या रेणूंना लिगंड म्हणतात. या रचनेचा उलगडा आल्फ्रेड वेर्नर यांनी १८९३ मध्ये केला आणि १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळवले.

जंतूंवर चालणारी अशी संकुले घरातही आहेत. कोंड्यावरच्या अनेक शाम्पूंमधले झिंक पायरिथिऑन हे त्यांपैकीच एक. भाजलेल्या जखमेवर लावायच्या मलमातले सिल्व्हर सल्फाडायझिन हे चांदी आणि सल्फा औषध यांचे संयुग आहे. जुन्या प्रतिजैविकांना जिवाणू दाद देईनासे झाल्यापासून रसायनशास्त्रज्ञ धातूंकडे पुन्हा वळले, त्यामागे हा अनुभव आहे.

प्रयोगशाळेत खूप वापरले जाणारे लिगंड म्हणजे शिफ बेस, अल्डिहाइड आणि अमाइन यांच्यापासून होणारी संयुगे. ह्युगो शिफ यांनी १८६४ मध्ये त्यांचे वर्णन केले. ते करणे सोपे, स्वस्त आणि हवे तसे बदलण्याजोगे, म्हणून महाविद्यालयीन प्रयोगशाळांचाही त्यांच्यावर जीव. सॅलिसिलाल्डिहाइड आणि एथिलिनडायअमाइन दोनास एक या प्रमाणात गरम अल्कोहोलमध्ये एकत्र केले की सॅलेन नावाच्या लिगंडाचे पिवळेधमक स्फटिक पडतात. ते पुन्हा अल्कोहोलमध्ये घेऊन त्यात कॉपर ॲसिटेट घालतात आणि मिश्रण उकळत ठेवतात. पिवळेपणा जाऊन गडद रंग चढतो. मिळालेला साका गाळून, अल्कोहोलने धुऊन डेसिकेटरमध्ये सुकवतात.

रंग बदलला म्हणजे संकुल झाले, असे मात्र नाही. अवरक्त वर्णपटात लिगंडातल्या कार्बन-नायट्रोजन दुहेरी बंधाची खूण मूळ जागेवरून सरकली असेल, तर नायट्रोजन धातूला जोडला गेल्याचा तो संकेत. चुंबकीय मापनातून तांब्यावर एक एकटा इलेक्ट्रॉन आहे का, ते कळते. क्ष-किरणांनी स्फटिकाची रचना मिळाली तर वादच मिटतो. पण चांगला स्फटिक मिळवणे हा निम्मा नशिबाचा भाग आहे.

मग चाचणी. म्युलर-हिंटन अगार हे जिवाणू वाढवायचे माध्यम ताटलीत सुमारे ४ मिमी जाडीचा ओततात. जिवाणूंचे पाणी ठरावीक गढूळपणाचे करून कापसाच्या बोळ्याने पृष्ठभागभर पसरतात. संयुगात भिजवलेली ६ मिमी व्यासाची कागदी चकती त्यावर ठेवून ताटली सुमारे ३५ अंश सेल्सिअसला १६ ते १८ तास ठेवतात. दुसऱ्या दिवशी ताटली जिवाणूंच्या दुधाळ थराने भरलेली असते आणि संयुग लागू पडले असेल तर चकतीभोवती स्वच्छ वलय दिसते. वलयाचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजायचा.

हे वलयच फसवे असते. मोठा रेणू अगारमध्ये सावकाश पसरतो, म्हणून जोरदार संयुगाचेही वलय लहान पडू शकते. संकुल बहुधा डायमिथाइल सल्फॉक्साइडमध्ये विरघळवतात आणि हा द्रावक स्वतःच धातूला चिकटून लिगंडाला बाजूला सारू शकतो. तसे झाले तर ताटलीत पोहोचते ते भलतेच काही. म्हणून नुसता द्रावक, नुसते लिगंड, धातूचे साधे मीठ आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखे माहितीचे औषध यांच्या चकत्या सोबत हव्यातच. तांब्याचे साधे मीठही जिवाणू मारते; संकुल त्याहून सरस ठरले तरच त्याला काही अर्थ. लिगंडामुळे धातूचा विद्युतभार झाकला जाऊन संकुल जिवाणूच्या मेदयुक्त पटलातून सहज आत शिरते, हे ट्वीडी यांचे स्पष्टीकरण अनेक शोधनिबंधांत येते. ते पटण्याजोगे आहे, पण पुष्कळदा न तपासताच जोडलेले असते.

खरी तुलना होते ती किमान निरोधक संहतीवरून. संयुग दर टप्प्याला निम्मे पातळ करत जायचे आणि जिवाणूंची वाढ थांबवणारी सर्वांत कमी मात्रा शोधायची. त्यानंतर तांबड्या रक्तपेशी फुटतात का आणि सस्तन प्राण्यांच्या पेशी मरतात का, हे पाहायचे. बरीच संयुगे इथेच बाद होतात, कारण जिवाणूला घातक ते माणसालाही घातक असू शकते.

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठातल्या उपक्रमात जगभरच्या रसायनशास्त्रज्ञांनी पाठवलेली संयुगे मोफत तपासली जातात. तिथल्या ९०६ धातुयुक्त संयुगांचा अहवाल २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ८८ संयुगे किमान एका जंतूवर चालली आणि चाचणीतल्या सस्तन पेशींना व रक्तपेशींना त्यांनी इजा केली नाही. यशाचे हे प्रमाण धातुयुक्त संयुगांत सुमारे १० टक्के, तर त्याच संग्रहातल्या निव्वळ सेंद्रिय संयुगांत १ टक्क्याहूनही कमी होते.