पैनगंगेपलीकडचं माहूर

महागावहून माहूरला निघालं की धनोड्याच्या फाट्यावर नागपूर–तुळजापूर महामार्ग सुटतो आणि पैनगंगेच्या पुलावर विदर्भ संपतो. पलीकडे नांदेड जिल्हा. १८५३ नंतर नदीच्या अलीकडे इंग्रजांचा वऱ्हाड होता, पलीकडे निजामाचा मुलूख. पण इकडच्या अनेक घरांची कुलदेवता रेणुका माहूरच्या डोंगरावर. तिच्या वाटेला कसली आली हद्द!

साडेतीन शक्तिपीठांतलं माहूर हे पूर्ण पीठ. गाभाऱ्यात रेणुकेची उभी मूर्ती नाही, शेंदूर ल्यालेलं भलंमोठं मुख, म्हणजेच तांदळा. आई जमिनीतून प्रकटत असताना परशुरामाला धीर धरवला नाही, त्याने आधीच वळून पाहिलं आणि मुखच तेवढं वर आलं, अशी कथा सांगतात. प्रसादही इथला वेगळा. पेढा-बर्फी नव्हे, खलबत्त्यात कुटलेला विड्याचा तांबूल. तो तोंडात टाकायचा आणि पायऱ्या उतरायच्या.

बहुतेक मंडळी इथूनच परततात किंवा घाईघाईने दत्तशिखर आणि अनसूया शिखर उरकतात. खरं तर माहूरची गंमत एकाच डोंगररांगेवरच्या या शेजारात आहे. दत्त इथे रात्री निद्रेला येतो, ही श्रद्धा. त्याच दत्ताला महानुभाव पंथीय पंचकृष्णांपैकी एक मानतात, तेही एकमुखी रूपात. त्यांची पावलं देवदेवेश्वर मंदिराकडे वळतात. सोनापीर बाबांचा दर्गाही इथलाच.

माझं ऐकाल तर रामगडासाठी, म्हणजे माहूरच्या किल्ल्यासाठी, अर्धा दिवस राखून ठेवा. हत्ती दरवाजा, इंजाळा तलाव, आत महाकालीचं मंदिर आणि भरपूर झाडोरा. माहूरच्या देशमुख घराण्यातल्या रायबागनचं नाव इथे आठवायलाच हवं. १६६१ साली उंबरखिंडीत शिवरायांनी मोगलांची कोंडी केली तेव्हा ती मोगल सरदार कारतलबखानाबरोबर होती आणि शरण जाण्याचा शहाणा सल्ला तिनेच दिला. गडावर तिच्या नावाची साधी पाटी असती तरी बरं झालं असतं.

गावालगतची पांडवलेणीही राहू देऊ नका. नाव पांडवांचं असलं तरी ती राष्ट्रकूटकालीन मानली जातात. डोंगर फोडून काढलेल्या त्या खांबांच्या दालनात भर उन्हातही गारवा असतो.

नवरात्रात आणि दत्तजयंतीला गर्दी अफाट. निवांत पाहायचं असेल तर ते दिवस टाळा. चालायची हौस असेल तर श्रावणी पौर्णिमेची परिक्रमा गाठा. तेव्हाही गर्दी असतेच, पण डोंगर हिरवेगार असतात.